दुरून दिलेली साक्ष

शंकेखोर : विद्यापीठांच्या भवितव्याची चर्चा निघाली, की मला आधी त्यांचा मूळ धंदा काय होता हे विचारावंसं वाटतं. १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघालं तेव्हा तिथे एकही वर्ग भरत नव्हता. तीन वर्षं आधी आलेल्या वूडच्या शिक्षणविषयक खलित्याने लंडन विद्यापीठाचा नमुना घालून दिला होता : शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठाने परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. रानडे आणि भांडारकर १८६२ साली बी.ए.च्या पहिल्या तुकडीत उत्तीर्ण झाले. त्यांना शिकवलं एल्फिन्स्टन कॉलेजने. विद्यापीठाने तपासलं आणि शिक्का मारला. पुढे पदव्युत्तर विभाग आले, ग्रंथालयं आली, पुण्याला १९४९ साली आणि कोल्हापूरला १९६२ साली नवी विद्यापीठं निघाली. पण सर्वसामान्य घरात विद्यापीठ म्हटलं की आजही काय आठवतं? हॉलतिकीट, एटीकेटी, पुनर्मूल्यांकन, रखडलेला निकाल. आणि आता असं यंत्र आलंय, ज्याच्यापुढे कुठलाही पेपर ठेवा, उत्तर तयार. २०२२च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं. तेव्हापासून घरून लिहून आणलेल्या असाइनमेंटला किती अर्थ उरलाय, ते कुठल्याही प्राध्यापकाला खासगीत विचारा.

आशावादी : खासगीत कशाला, उघड विचारा. पण यंत्राने जे मारलं ते आधीच मेलेलं होतं. मुलं असाइनमेंट एकमेकांची बघून उतरवतच होती. परीक्षेच्या आदल्या रात्री गाइड वाचून पास होणं ही काही कालची गोष्ट नाही. आता ते सोंग वठवणं अवघड झालं, इतकंच. मला यात पहिल्यांदाच संधी दिसते. परीक्षेचा कारखाना बंद पडला तर शिकवण्याकडे लक्ष द्यावं लागेल. मुलाला समोर बसवून विचारावं लागेल, की हे तू लिहिलंयस ना, मग हे वाक्य असं का आहे ते सांग. तोंडी परीक्षा, चर्चा, प्रत्यक्ष काम. शिक्षकाला विद्यार्थी ओळखावा लागेल. दीडशे वर्षांत आपल्याला जे जमलं नाही, ते गरजेपोटी जमेल.

शंकेखोर : कोणत्या शिक्षकाला? ज्याला तासाच्या हिशेबाने पैसे मिळतात त्याला? महाराष्ट्रातल्या कितीतरी कॉलेजांत वर्षानुवर्षं जागा रिकाम्या आहेत आणि विभाग चालतात ते तासिका तत्त्वावर. नेट, सेट, पीएच.डी. झालेली माणसं सकाळी एका तालुक्यात, दुपारी दुसऱ्या तालुक्यात तास घेतात. जूनमध्ये नेमणूक होईल की नाही हे मेमध्ये ठाऊक नसतं. शंभर-सव्वाशे मुलांचा वर्ग, आणि त्यातल्या प्रत्येकाला समोर बसवून पंधरा मिनिटं बोलायचं. तासिकेच्या बिलात त्या पंधरा मिनिटांसाठी रकाना नाही.

आणि मुलं तरी वर्गात असतात का? पुण्यात सदाशिव पेठेतून, नवी पेठेतून एक फेरी मारा. अभ्यासिकांमध्ये महिन्याच्या भाड्याने खुर्ची घेऊन बसलेली मुलं दिसतील. त्यांच्यातली कितीतरी कुठल्या ना कुठल्या कॉलेजच्या पटावर आहेत. राज्यसेवेच्या अर्जाला पदवी लागते म्हणून पदवी. शिक्षण अभ्यासिकेत, पास कॉलेजचा. मला त्या मुलांचा राग येत नाही. त्यांनी विद्यापीठाला बरोबर ओळखलंय.

आशावादी : हे सगळं मान्य. पण विद्यापीठात जे होतं ते फक्त पदवीच्या वर्गात होत नाही. कुणाचं लक्ष नसताना चाळीस-पन्नास वर्षं एकच काम करत राहण्याची सोय समाजाने कुठेतरी ठेवावी लागते. डेक्कन कॉलेजात १९४८ साली संस्कृतचा ऐतिहासिक तत्त्वांवरचा कोश हाती घेतला गेला. ग्रंथ वाचून, शब्द वेचून सुमारे एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या. प्रकाशित खंड अजून 'अ' या अक्षराच्या फारसे पुढे गेलेले नाहीत. कुठली कंपनी हे करेल? कुठलं मंत्रालय पंचवार्षिक अहवालात हे दाखवेल? तुमचं ते यंत्रसुद्धा अशाच कुणीतरी वेचून ठेवलेल्या शब्दांवर पोसलेलं आहे. नवं वेचणारे संपले, तर यंत्राने पुढे खायचं काय?

शंकेखोर : उदाहरण चांगलं आहे, फक्त ते माझ्या बाजूचं आहे. डेक्कन कॉलेजची उभारणीच वेगळी. १९३९ साली ते पदव्युत्तर आणि संशोधनाची संस्था म्हणून नव्याने सुरू झालं. शेकडो कॉलेजांच्या परीक्षा घेण्याचं ओझं त्याच्या डोक्यावर नव्हतं, म्हणून तो कोश उभा राहिला. आपण संशोधन विद्यापीठांतून हळूहळू बाहेरच काढलं. टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५ साली, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० साली, दोन्ही विद्यापीठाबाहेर. खगोलशास्त्राची आयुका १९८८ साली निघाली ती तर पुणे विद्यापीठाच्या आवारातच, पण विद्यापीठाची नाही. संस्था उत्तम आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण चांगलं संशोधन करायचं तर विद्यापीठाशेजारी वेगळी भिंत घालावी लागते, हे आपणच ठरवून टाकलं. विद्यापीठाकडे उरलं काय, तर संलग्नता आणि वेळापत्रक.

आशावादी : मग तेच सोडवूया. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पंधरा वर्षांत संलग्नतेची पद्धत संपवायचं म्हटलंय. कॉलेजांनी टप्प्याटप्प्याने स्वायत्त व्हायचं आणि शेवटी स्वतःची पदवी द्यायची. ज्याने शिकवलं त्यानेच सांगायचं, की या मुलीला हे येतं. मला हा विचार पटतो. सातशे-आठशे कॉलेजांच्या पोरांना कधीही न पाहिलेलं विद्यापीठ त्यांच्याबद्दल काय प्रमाणपत्र देणार? तुम्हीच म्हणालात, की तो नुसता शिक्का आहे. शिक्का काढून घेतला तर कॉलेजला स्वतःच्या नावाची लाज राखावी लागेल. साताऱ्यात हे घडतंय. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, 'कमवा आणि शिका' म्हणत गरिबांची मुलं शिकवली. २०२१ साली तिथल्या कॉलेजांचा समूह होऊन कर्मवीरांच्या नावाचं विद्यापीठ झालं. शंभर वर्षं ज्या संस्थेने गावोगावी विश्वास कमावला, तिच्या पदवीला दुसऱ्या कुणाचा शिक्का कशाला हवा?

शंकेखोर : रयतला नको असेल. पण रयत एकच आहे.

थोडं सावकाश बोलतो, कारण इथे माझंच मला पुरतं स्पष्ट नाही. आडगावातलं एक कॉलेज धरा. संस्थाचालक स्थानिक पुढारी, प्राचार्य त्यांच्या विश्वासातले, शिक्षक तासिकेवर. तिथल्या मुलीला आज जी पदवी मिळते तिच्यावर नाव असतं विद्यापीठाचं. नाशिकच्या किंवा पुण्याच्या मुलाखतीत ती जाते तेव्हा तिचं कॉलेज त्या नावाच्या आडोशाला असतं. उद्या तिच्या पदवीवर फक्त त्या कॉलेजचं नाव असेल. समोरचा माणूस नाव वाचेल, पुढाऱ्याचं आडनाव ओळखेल आणि फाइल मिटेल. फर्ग्युसनच्या मुलाला स्वायत्ततेने काहीच तोटा नाही. तोटा तिला.

आशावादी : म्हणजे ज्या शिक्क्याची तुम्ही मघाशी टर उडवलीत, तोच आता गरिबांचा आधार?

शंकेखोर : हो, आणि मला ते म्हणताना अवघड वाटतंय. पण तुम्ही 'शिक्षकाने विद्यार्थी ओळखावा' म्हणालात तेव्हापासून मला एक गोष्ट टोचतेय. आपल्याकडे ओळखणं म्हणजे काय काय ओळखणं, ते तुम्हाला मी सांगायला नको. बाबासाहेबांना एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये संस्कृत शिकायचं होतं. शिक्षकांनी नकार दिला म्हणून फारसी घ्यावी लागली. ते शिक्षक त्यांना चांगले ओळखत होते, नकार त्या ओळखीतूनच आला. मुंबई विद्यापीठाच्या परीक्षकापुढे मात्र उत्तरपत्रिका होती. त्या पदवीच्या जोरावर, बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली कोलंबियाला गेले. विद्यापीठ त्यांच्यावर उपकार करायला बसलं नव्हतं. त्याला ते कोण आहेत हे दिसत नव्हतं, आणि तेवढं न दिसणं पुरलं. ज्या पोकळ, कोरड्या, लांबून घेतलेल्या परीक्षेला आपण नावं ठेवतो तिच्यात एवढा गुण आहे, की तिला तुमचं आडनाव ऐकू येत नाही. तुमच्या समोरासमोरच्या तोंडी परीक्षेला ते ऐकू येतं. उच्चारसुद्धा ऐकू येतो.

आशावादी : हा मुद्दा मला खोडता येत नाही. थोडा वळवता मात्र येतो. उत्तरपत्रिकेवर नाव नसलं तरी घर असतं. ज्या घरात पुस्तकं, इंग्रजी, शिकवणी आणि अभ्यासाला वेगळी खोली, त्या घराचे गुण निनावी परीक्षेतही उमटतात. आणि अंतर्गत गुणांचं काय? कॉलेजांना थोडेसे गुण द्यायची मुभा मिळाली, की सगळ्यांना सारखेच, भरघोस. म्हणजे 'ओळखणारा' शिक्षक नेहमी पक्षपातच करतो असं नाही. बऱ्याचदा तो काहीच करत नाही. जो कुणालाही नापास करू शकत नाही त्याची साक्ष काय कामाची? यात दोष माणसाचा नाही. संस्थाचालकाला प्रवेश हवेत, प्रवेशांसाठी निकाल हवा, आणि शिक्षकाची पुढच्या वर्षीची नेमणूक संस्थाचालकाच्या हातात.

शंकेखोर : पाहा, म्हणजे आपण दोघंही मान्य करतोय, की जवळच्याची साक्ष आज विश्वासाची नाही.

आशावादी : आज नाही. पण लांबून साक्ष द्यायची तर त्याला विद्यापीठच कशाला लागतं? तुमच्या युक्तिवादाचं हे टोक तुम्ही बघितलेलं नाही. निनावी, निःपक्षपाती, हजारो मुलांना एकाच वेळी घेता येणारी चाचणी कुठलीही मोठी कंपनी विद्यापीठापेक्षा वेगाने घेईल आणि निकाल त्याच संध्याकाळी देईल. कंपन्या नोकरभरतीत स्वतःच्या चाचण्या घेतातच. शिकवणं म्हणाल तर २००३ पासून एनपीटीईएलवर आयआयटीची व्याख्यानं फुकट आहेत, २०१७ पासून केंद्र सरकारचं ऑनलाइन अभ्यासक्रमांचं 'स्वयं' आहे, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने ठरावीक मर्यादेत तिथले क्रेडिट पदवीत धरायला परवानगीही दिली आहे. नवी मुंबईत परदेशी विद्यापीठांच्या शाखांची तयारी सुरू आहे, ज्यांना परवडेल ते तिकडे जातील. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ तर १९८९ पासून वर्गाशिवाय पदवी देतंय, आणि नोकरी, संसार सांभाळून तिथे शिकलेल्या बायकांना विचारा, त्यांना त्या पदवीने काय दिलं. तेव्हा लांबून शिकवणं आणि लांबून तपासणं यासाठी तुमचं ते जुनं दगडी विद्यापीठ लागत नाही. मग त्याचं खास असं काय उरतं?

शंकेखोर : माझ्या मते, त्याला जाब विचारता येतो.

आशावादी : विद्यापीठाला? २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरवलं आणि निकाल महिनोन्‌महिने लटकले. परदेशी जाणाऱ्यांचे, पुढच्या प्रवेशासाठी थांबलेल्यांचे काय हाल झाले!

शंकेखोर : आणि त्यापायी कुलगुरूंना पद सोडावं लागलं, राज्यपालांनी कुलपती या नात्याने त्यांना काढलं. विधिमंडळात आवाज उठला, कोर्टात याचिका गेल्या, पोरं फोर्टमधल्या आवारात घोषणा देत उभी राहिली. मी हे विद्यापीठाचं कौतुक म्हणून सांगत नाही. पण भरतीची चाचणी घेणाऱ्या कंपनीच्या संगणकाने तुम्हाला गाळलं, तर तुम्ही कुठे उभे राहून घोषणा देणार? २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की परीक्षार्थीला माहिती अधिकारात स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येते. म्हणजे गडचिरोलीच्या पोराला थोड्या पैशांत आपल्याला कुठे किती गुण दिले, कुठे बेरीज चुकली, हे बघायचा हक्क आहे. खासगी चाचणीचा गुणांक कसा ठरला हे कंपनी व्यापारी गुपित म्हणून दाबून ठेवेल. बाजारातल्या तराजूवर वैधमापनवाल्यांचा शिक्का असतो, तो दुकानदाराला स्वतः मारता येत नाही. पदवीचं मला तसंच वाटतं. ज्याला माल विकायचाय किंवा विकत घ्यायचाय त्याने वजन ठरवू नये.

आशावादी : हे मला आवडलं. पण मग तुम्ही विद्यापीठ म्हणून जे वाचवताय ते एक परीक्षा मंडळ आहे. त्याला प्राध्यापक, ग्रंथालय, वसतिगृह काहीच लागत नाही. तुम्ही सुरुवातीला ज्याची खिल्ली उडवलीत ते १८५७चं विद्यापीठ तुम्हाला परत हवंय.

शंकेखोर : कदाचित. त्या व्यवस्थेत एक शहाणपण होतं, जे मला आता दिसतंय. शिकवणारा वेगळा, तपासणारा वेगळा. शिकवणाऱ्याने जवळ जायचं, जीव लावायचा. तपासणाऱ्याने लांब राहायचं. दोन्ही एकाच्या हातात दिलं, की शिकवणारा तरी मिंधा होतो, नाहीतर हुकूमशहा.

आशावादी : मग मी याच्या नेमकं उलटं उदाहरण देतो. धोंडो केशव कर्व्यांनी १९१६ साली महिलांचं विद्यापीठ काढलं तेव्हा त्यांच्यासमोर हाच प्रश्न होता. मुंबई विद्यापीठाची इंग्रजी परीक्षा निःपक्षपाती होती हो, पण ती मुळात या मुलींसाठी आखलेलीच नव्हती. कर्व्यांनी मातृभाषेतून शिकवलं, अभ्यासक्रम स्वतः ठरवला, परीक्षा स्वतः घेतली, पदवी स्वतः दिली. सरकारी मान्यता नव्हती. तुमच्या भाषेत दुकानदाराने स्वतःच्या तराजूवर स्वतःच शिक्का मारला. विठ्ठलदास ठाकरसींनी देणगी दिली आणि ते उभं राहिलं. लांबच्या विद्यापीठाला आडनाव ऐकू येत नाही हे खरं, पण मग तुमचं जगणंही त्याला ऐकू येत नाही. काय शिकण्यासारखं आहे, हे ते दुरून ठरवतं. कर्व्यांनी ते जवळून ठरवलं.

शंकेखोर : आणि कायद्याची मान्यता मिळायला स्वातंत्र्य यावं लागलं, मुंबई सरकारचा कायदा झाला तो १९४९ साली. तेहतीस वर्षं. मधल्या काळात तिथून पदवी घेतलेल्या मुलींनी मान्यता नसल्याची किंमत मोजलीच असणार. संस्थेला वाट बघता येते. तीन वर्षांच्या पदवीला बसलेल्या मुलीला बघता येत नाही.

आशावादी : नाही. पण कुणीतरी ते केलं नसतं तर ती मुलगी आलीच नसती. २०२१-२२च्या केंद्राच्या पाहणीनुसार देशात ४ कोटी ३३ लाख मुलं उच्च शिक्षणात आहेत, आणि त्या वयोगटातल्या शंभरातली सत्तरहून जास्त अजून बाहेरच आहेत. २०३५पर्यंत निम्मी आत आणायची आहेत. येणारी बहुतेक घरातली पहिली असतील. त्यांची भाषा, त्यांचा प्रदेश, त्यांचं काम यातलं काहीच ज्याला माहीत नाही असं लांबचं परीक्षा मंडळ त्यांना मोजेल, आणि ती त्याच्या मापात कमी भरतील. मग तुमची निःपक्षपाती साक्ष सांगेल, की ही मुलं कच्ची आहेत. शास्त्रशुद्ध, उत्तरपत्रिकेच्या झेरॉक्सप्रतीसह.

शंकेखोर : हे लागलं.

आशावादी : लागावं म्हणून नाही म्हटलं. मलाही माझ्या बाजूने पुढे जाता येत नाहीये. तुमची अट मान्य केली, की तपासणारा लांबचा हवा आणि त्याला जाब विचारता यायला हवा, तर माझी अटही तुम्ही मान्य करा : काय तपासायचं हे ठरवताना जवळचा माणूस त्या खोलीत हवा. अभ्यास मंडळात आज कोण असतं? आडगावच्या कॉलेजात खरोखर शिकवणारी तासिकेवरची बाई तिथे असते का?

शंकेखोर : नियमित नेमणूक नाही, म्हणून निवडणुकीत तिला मत नाही. तीच तर खरी गोम आहे. १८६२ साली विद्यापीठ किरकोळ होतं, पण कॉलेज भक्कम होतं, म्हणून रानडे-भांडारकर झाले. आज आपण विद्यापीठाच्या इमारतीत बसून विद्यापीठाचं भवितव्य ठरवतोय, आणि कॉलेज आतून रिकामं झालंय. संलग्नता ठेवा नाहीतर मोडा, वर्गात जी व्यक्ती उभी आहे तिला मेमध्ये जूनची शाश्वती नसेल, तर ती जवळची साक्षही देऊ शकत नाही आणि लांबच्या साक्षीला आव्हानही देऊ शकत नाही.

आशावादी : म्हणजे जागा भरा, एवढंच?

शंकेखोर : एवढंच म्हटलं असतं तर सोपं होतं. जागा भरल्या आणि नोकऱ्या कायम झाल्या तरी माझी भीती तशीच राहते. ती कायम झालेली बाई त्या मुलीला ओळखेल, चांगली ओळखेल. काय ओळखेल, ते मला माहीत नाही.

आशावादी : आणि तिने ओळखलंच नाही, तर त्या मुलीला काय शिकवायचं, हे कोण ठरवणार?